लो फॅट दही: खरंच पौष्टिक, की नुसतंच पांढरं पाणी?

खारपाणातली_सून
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. घरी दोन म्हशी. सासूबाई ६३ वर्षांच्या. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "म्हशीचं दही बंद करा, लो फॅट द्या." काय, किती, कुठलं, काही नाही. पुढचा पेशंट आत.

ह्यांनी अकोल्याहून येताना लो फॅट योगर्टचे चार डबे आणले. ८५ ग्रॅमचा एवढासा डबा, वर स्ट्रॉबेरीचं चित्र. सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं, डबा उलटसुलट करून पाह्यला अन् म्हणाल्या, "हे दही नोहे वं माय, हे त लेकराचं औषध हाय." उरलेले तीन डबे पोरांनी पाच मिनिटांत संपवले.

आता माझे प्रश्न. फॅट काढून घेतल्यावर दह्यात पौष्टिक असं काही उरतं का? आपलं म्हशीचं दही खरंच इतकं वाईट आहे का? आणि दारात म्हशी बांधलेल्या असताना दही विकत आणायचं हे काही मला पटत नाही, तर घरी करता येईल का?

भुरका_भाकर
घरी दोन म्हशी अन् दही अकोल्याहून! म्हशींना कळू देऊ नका, दूध चोरतील.

सरकी_ढेप
ताई, मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ एकच काम, लोकांच्या दुधाचं फॅट पाहणं. म्हशीचं ७ च्या वर लागलं की माणूस मिशीवर ताव देत जातो, ६ च्या खाली आलं की माझ्या मशीनला शिव्या. फॅट एका टक्क्यानं घसरला तर लिटरमागं पाच-सात रुपये जातात. त्यासाठी लोक सरकीची ढेप चारतात, ढेपेचा भाव परवडत नाही म्हणून रडतात, अन् तरी चारतात.

अन् शहरात त्याच दुधातलं फॅट काढून 'फॅट काढलं' म्हणून जास्त भावानं विकतात. काढलेल्या फॅटचं लोणी, तूप वेगळंच विकलं जातं. आम्हाले फॅट कमी म्हणून पैसे कापतात, तुमच्याकडून फॅट कमी म्हणून पैसे जास्त घेतात. हा धंदा मले बारा वर्षांत समजला नाही.

तर्रीबाज
@सरकी_ढेप, हे वाक्य फ्रेम करून संस्थेत लावा.

उंटावरचा_शहाणा
हे लो फॅट वगैरे सगळं विदेशी कंपन्यांचं कारस्थान आहे. आमचे आजोबा ९१ वर्षं जगले. रोज वाटीभर साय, त्यावर साखर. ना बीपी, ना शुगर. फॅट काढलेल्या दह्यात प्रोटीनही जातं आणि कॅल्शियमही. उरतं ते पांढरं पाणी. सासूबाईंना बिनधास्त म्हशीचं दही द्या.

पोषणवाली
शहाणे, सकाळी सकाळी इतकं चुकीचं लिहू नका.

मी आहारतज्ज्ञ, राहते नागपूरला, माहेर आर्वीचं. दुधाचे दोन भाग समजा. एक स्निग्धांश, म्हणजे फॅट. दुसरा फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, ज्याला दूध संस्थेत 'एसएनएफ' म्हणतात. प्रोटीन, दुधातली साखर आणि कॅल्शियमसारखी खनिजं या दुसऱ्या भागात असतात. बी-१२ सुद्धा फॅटबरोबर जात नाही. त्यामुळे साय काढली म्हणून प्रोटीन-कॅल्शियम जात नाही. जातात त्या कॅलरी (एका ग्रॅम फॅटच्या ९) आणि फॅटमध्ये विरघळणारी जीवनसत्त्वं, मुख्यतः ए. म्हणून पिशवीच्या कमी फॅटच्या दुधात ए आणि डी वरून घालतात. अशा पिशवीवर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि 'एफ' अक्षर असतं, बघा कधी.

आता आकडे, १०० ग्रॅम साध्या, बिनसाखरेच्या दह्याचे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात सव्वातीन टक्के फॅटच्या दह्यात ६१ कॅलरी, प्रोटीन ३.५ ग्रॅम, कॅल्शियम १२१ मिलिग्रॅम. दीड टक्का फॅटच्या दह्यात ६३ कॅलरी, प्रोटीन ५.२५ ग्रॅम, कॅल्शियम १८३ मिलिग्रॅम.

आपल्या म्हशीचं गणित वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत म्हशीच्या दुधाला १०७ च्या आसपास कॅलरी, ६.६ फॅट. दही लावल्यावर त्यात फार फरक पडत नाही.

तर्रीबाज
थांबा थांबा. फॅट निम्मं झालं आणि कॅलरी ६१ च्या ६३ झाल्या? छपाईची चूक आहे का?

पोषणवाली
@तर्रीबाज, चूक नाही, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. फॅट काढलं की दही पातळ होतं, चव उतरते. मग कारखान्यात त्यात सायविरहित दुधाची भुकटी घालतात. भुकटीबरोबर प्रोटीन आणि कॅल्शियम वाढतं, पण दुधातली साखरही वाढते. म्हणून कॅलरी होत्या तिथंच. ही झाली बिनसाखरेच्या दह्याची गोष्ट. स्ट्रॉबेरीवाल्यात वरून साखर पडते ती निराळी.

@खारपाणातली_सून, डबा फेकला नसेल तर मागचा तक्ता वाचून इथं लिहा. १०० ग्रॅममागे किती ते बघायचं.

खारपाणातली_सून
डबा आहे! आमच्याकडे डबा फेकत नाहीत. सासूबाईंनी त्यात कुंकू भरून ठेवलं आहे. १०० ग्रॅममागे फॅट १.४, प्रोटीन ३.८, एकूण साखर १४.२, वरून घातलेली साखर ९.

पोषणवाली
म्हणजे ८५ ग्रॅमच्या डब्यात वरून घातलेली साखर साडेसात ग्रॅमच्या वर. पावणेदोन चहाचे चमचे. प्रोटीनही घरच्या दह्याइतकंच, काही जास्त नाही. पोरांना का आवडलं ते कळलं ना? ते दही म्हणून खाऊ नका, गोड पदार्थ म्हणून कधीमधी खाल्लं तर खाल्लं.

भुरका_भाकर
सासूबाई जिंकल्या. बोटानं लेबल वाचलं त्यांनी.

जुनी_बंडी
मी निवृत्त शिक्षक, मोर्शीकडचा. शहाण्यांच्या आजोबांच्या सायीवरून काही आठवलं.

आमच्या घरी तीन म्हशी होत्या. पहाटे आईच्या रवीचा आवाज यायचा, घर्र… घर्र…, दोरीचं एक टोक ओढलं की दुसरं आत. अंगावर गोधडी ओढून तो आवाज ऐकत पडायचं. आवाज बदलला, जड झाला, की समजायचं लोणी आलं. मग आई गार पाण्याचा हबका मारायची, हातानं लोण्याचा गोळा गोळा करून पाण्याच्या वाटग्यात सोडायची. आम्ही पाचही भावंडं भोवती बसलेलो. बोटाला लावून प्रत्येकाला एकेक चाटण मिळायचं. बस. बाकीचं लोणी कढवून तूप, अन् तूप बाजाराच्या दिवशी मोर्शीला. त्याच पैशात मीठ, गोडं तेल, वह्या. माझ्या मॅट्रिकची फी तुपातून गेली.

घरात उरायचं ते ताक. ज्वारीच्या कण्या अन् ताक, भाकर अन् ताक, अंबाडीची भाजी अन् वर ताक. म्हणजे पोषणवालीताई म्हणतात ते लो फॅट आम्ही जन्मभर खाल्लं, फक्त ते कोणी डॉक्टरानं नव्हतं सांगितलं. फॅट विकायचं असतं अन् बाकीचं खायचं असतं, एवढंच माहीत होतं. वाटीभर साय खाणारे आजोबा आमच्या गल्लीत तरी कोणाचेच नव्हते.

उंटावरचा_शहाणा
@जुनी_बंडी, सर, आमचे आजोबा मालगुजार, म्हणजे जमीनदार, होते हे आधी सांगायला हवं होतं.

तर्रीबाज
😂😂 कारस्थान उघड झालं.

सागाचं_पान
मास्तरांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी धारणीकडे आशा म्हणून काम करते. ताकाचं कौतुक खरंच आहे, पण ताकात पाणी किती त्यावर सगळं आहे. एका घरी विचारलं, लेकराला काय देता? "ताक देतो ना बाई." बघितलं तर तांब्याच्या तळाशी पांढरी रेघ, बाकी पाणी.

दुसरं, कोणी वाचून उत्साहात येईल म्हणून सांगते. दोन वर्षांखालच्या लेकराला लो फॅट काही देऊ नका. त्याला फॅट पाहिजे असतं, वाढीला अन् मेंदूला. एका चांगल्या शिकलेल्या घरात बापाचं वजन वाढलं म्हणून सगळ्या घरालाच सायविरहित दूध सुरू केलं, दीड वर्षाच्या पोरीलाही. पोरीचा वजनाचा तक्ता तीन महिने आडवा. आजीला म्हटलं, पोरीच्या खिचडीवर तूप सोडा. आजी म्हणे, "मी त कधीचीच म्हणून राह्यली!"

जिम_पोट्टा
मूळचा वरुडचा, सध्या पुण्यात. मी रोज ग्रीक योगर्ट खातो, १०० ग्रॅमला १० ग्रॅम प्रोटीन. महाग पडतं, पण लो फॅटमध्ये तेच बेस्ट. काकूंना तेच सुरू करा.

जुनी_बंडी
@जिम_पोट्टा, बाळा, फडक्यात बांधून खुंटीला टांगलेलं दही ना ते? त्याला चक्का म्हणतात. तुझी आजी दसऱ्याला करायची.

जिम_पोट्टा
सर, ते श्रीखंडाचं. हे वेगळं असतं.

भुरका_भाकर
हो, त्याची खुंटी ग्रीसला असते.

पोषणवाली
जिमवाल्या भावाचा आकडा बरोबर आहे. पाणी निथळलं की प्रोटीन दाटतं. पण त्या पाण्याबरोबर कॅल्शियमही निघून जातं. फॅट काढलेल्या साध्या दह्यात १०० ग्रॅमला १९९ मिलिग्रॅम कॅल्शियम, तसल्याच ग्रीकमध्ये ११० च्या आसपास. ६३ वर्षांच्या बाईला हाडांचा विचार आधी करायला हवा, मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. चक्का केलाच तर खालचं पाणी ओतू नका, भाकरीचं पीठ त्यातच मळा नाहीतर वरणात घाला.

खारपाणातली_सून
किती छान माहिती मिळते आहे. पण आमचं म्हशीचं दही किती खाल्लं तर चालेल, हे अजून कोणी सांगितलं नाही.

पोषणवाली
सांगते. जेवणातली एक वाटी १५० ग्रॅम धरा. तुमच्या म्हशीचं फॅट ७ लागत असेल तर वाटीत साडेदहा ग्रॅम फॅट, त्यातलं दोन तृतीयांशाच्या जवळपास संपृक्त (सॅच्युरेटेड, कोलेस्टेरॉल वाढवणारं), म्हणजे साडेसहा-सात ग्रॅम. २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त फॅट दहा टक्क्यांच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे दिवसाला २२ ग्रॅम. एका वाटीत तिसरा हिस्सा गेला. सासूबाईंचा आहार बहुधा याहून कमी, मग हिस्सा आणखी मोठा.

दह्यातलं फॅट लोण्या-तुपाइतका त्रास देत नाही असं काही अलीकडचे अभ्यास म्हणतात, त्यावर अजून वाद आहे. म्हणून दही विष वगैरे नाही. पण आधी बाकीचं ताट बघा. त्या आणखी काय खातात?

खारपाणातली_सून
भाजीत तेल सढळ हातानं. दुपारी चहाबरोबर खारी. सणावाराला भजी. तूप वरणभातावर रोज.

तर्रीबाज
आणि दोष सगळा दह्याला! बिचारं दही. तेल-खारीला कोणी विचारतच नाही, कारण ते म्हशीचं नसतं.

पोषणवाली
तर्रीबाज आज दुसऱ्यांदा बरोबर. खारी आधी बंद करा. आणि डॉक्टरांची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका, माझ्याही नाही.

उंटावरचा_शहाणा
बरं, कारस्थान मागे घेतो. पण हे 'टोन्ड दूध' काय प्रकार आहे? तोही आरोग्यासाठीच काढला ना?

सरकी_ढेप
नाही भाऊ. दारा खुरोडी म्हणून मुंबईत दूध खात्याचे मोठे अधिकारी होते. कुरियन साहेब अन् त्रिभुवनदास पटेलांबरोबर १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्यांना. त्यांनी ही युक्ती चालवली. म्हशीचं दूध फॅटनं भारी, त्यात भुकटी अन् पाणी घालून ३ टक्के फॅटवर आणायचं. तेवढ्याच म्हशीत जास्त लोकांना दूध पुरतं, भावही उतरतो. हृदयाचा त्यात काही संबंध नव्हता, दूध पुरवायचं होतं. डबल टोन्ड म्हणजे दीड टक्का फॅट, ९ टक्के एसएनएफ. घरी पिशवीचं दूध येत असेल तर डबल टोन्डचं दही लावा, झालं लो फॅट. पण दर्यापूरच्या ताई, तुमच्या घरी दोन म्हशी असताना पिशवी आणली तर मी संस्थेचं कार्ड रद्द करीन.

भुरका_भाकर
खारपाण पट्ट्यातल्या म्हणता, तुमच्या म्हशी पूर्णाथडी का? भुरकट, तांबूस छटेच्या?

खारपाणातली_सून
एक पूर्णाथडी आहे, एक अशीच मिश्र. आमच्या विहिरीचं पाणी माणसाला पिता येत नाही इतकं खारट, पूर्णाथडी मात्र तेच पिऊन मजेत असते. दूध थोडं देते, पण घट्ट.

सरकी_ढेप
पूर्णाथडीचं फॅट पाहून मशीनवर दोनदा बोट जातं माझं. लो फॅट करायला तुम्ही बरीच अवघड म्हैस निवडली.

जुनी_बंडी
आता विषय निघालाच आहे तर कढीगोळ्यांचं कोणी बोला. लो फॅट दह्याची कढी होते का?

तर्रीबाज
होते, पण फाटते. फॅट कमी असलं की आचेवर दही लवकर फुटतं. बेसन आधी दह्यात घोटून घ्यायचं, कढी हलवत राहायची अन् उकळी धो धो येऊ द्यायची नाही. गोळ्यांची चणाडाळ मात्र भरडच वाटा, पेस्ट केली तर गोळे दगड होतात. फोडणीत तेल घालताना पोषणवालीताईंकडे पाठ करा.

सागाचं_पान
मे महिन्यात दह्याचं काय करायचं ते सांगा आधी. आमच्याकडे रात्री लावलेलं दही सकाळी दात आंबवतं.

जुनी_बंडी
विरजण अर्ध्या चमच्यावर आणा, दूध पार निवू द्या, मडकं पाण्याच्या परातीत ठेवा अन् रात्री उशिरा लावा. पारा ४५ वर गेला की दही चार तासांतच बसतं, रात्रभराचं काम उरत नाही.

पोषणवाली
आणि कमी फॅटचं दही जिभेला जास्तच आंबट लागतं, कारण आंबटपणा झाकायला साय नसते. म्हणून तर कंपन्या साखर घालतात.

जिम_पोट्टा
आंबट झालं की पौष्टिकता जाते का?

पोषणवाली
नाही. जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल करतात, प्रोटीन-कॅल्शियम तसंच राहतं. दूध न पचणाऱ्या बऱ्याच लोकांना दही चालतं ते याचमुळे. फक्त विकतचं घेताना, आंबवल्यावर पुन्हा तापवलेलं नको, त्यात जिवाणू मरतात.

सरकी_ढेप
सूनताई, घरी कसं करायचं ते राहिलंच. दूध तापवा, निवू द्या, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी जाड साय कडेपासून सुरीनं सोडवून पोळीसारखी उचला. दूध परत तापवा, परत गार करा, परत साय काढा. मग दही लावा. पातळ वाटलं तर लिटरला दोन चमचे सायविरहित भुकटी. किती फॅट उरलं ते जवळच्या संस्थेत नेऊन पाहा, पाच मिनिटांचं काम.

खारपाणातली_सून (आठ दिवसांनी)
मंडळी, केलं! आणि संस्थेतही नेलं. ऐकाच आता.

तीन स्टीलच्या डब्या नेल्या. एकीत सकाळचं धारेचं दूध, दुसरीत एकदा साय काढलेलं, तिसरीत दोनदा काढलेलं. आमचे सचिव ओळखीचेच. पहिलं लावलं, फॅट ७.१, एसएनएफ ९.१. ठीक म्हणाले. दुसरं, फॅट ३.८. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिसरं, २.६. मागं रांगेत सहा-सात माणसं. ते हळूच म्हणाले, "वैनी, असं करत जाऊ नका. पानी टाकलं का?"

मला घाम फुटला. रांगेतल्या एकानं तर "दूध कोनाचं हाय हो?" असं विचारलंसुद्धा. मी म्हटलं, पाणी नाही हो, साय काढली, सासूबाईंसाठी. मग त्यांनी परत मशीनकडे पाहिलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, पाणी टाकलं असतं तर एसएनएफही पडला असता. तिन्ही डब्यांत एसएनएफ ९ च्या वरच होता, तिसऱ्यात ९.४. फॅट गेलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी.

पोषणवालीताई, तुमचं ते 'दोन भाग' मला तिथं त्या मशीनवर कळलं.

सरकी_ढेप
बिचाऱ्या सचिवाची बाजू सांगतो. साय काढलेलं दूध लॅक्टोमीटरला (दुधाचा जड-हलकेपणा मोजायची काचेची नळी) जड लागतं, पाणी घातलेलं हलकं. दोन्ही केलं की लॅक्टोमीटर बरोबर मधोमध उभा राहतो, चोर सुटतो. म्हणून पूर्वी फॅट मोजायला गर्बरची पद्धत होती. काचेच्या नळीत १० मिली गंधकाचं आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, अन् चक्रात फिरवायचं. नळी हातात चटका देई इतकी तापायची, शर्टाला भोकं पडायची. माझे तीन शर्ट गेले. तुम्ही आमच्या संस्थेत आला असता तर मीही आधी पाणीच विचारलं असतं.

पोषणवाली
वा! २.६ फॅट म्हणजे वाटीला चार ग्रॅमच्याही आत. पाकिटावर 'लो फॅट' छापायला १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आत लागतं. तुमची पूर्णाथडी त्यात बसली. आणि भुकटी न घालता, साखर न घालता.

जुनी_बंडी
सासूबाईंचं काय मत?

खारपाणातली_सून
पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ताकाची मावशी दिसते." दुसऱ्या दिवशी जिरं-मीठ घालून खाल्लं. चौथ्या दिवशी मीच विसरले तर "माहं दही कुठी हाय वं?" म्हणून हाक आली. खारी बंद आहे, निदान माझ्यासमोर तरी. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे, तेव्हा कळेल.

तर्रीबाज
सगळं झालं, पण मुद्द्याचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आठ दिवस दोन वेळची साय काढली. ती साय गेली कुठं?

भुरका_भाकर
अरे देवा.

सरकी_ढेप
मीही हेच विचारणार होतो.

खारपाणातली_सून
… काल कढवली. पाऊण किलो तूप निघालं. बरणी सासूबाईंच्या खोलीतल्या फडताळात आहे, किल्ली त्यांच्या कमरेला.